आमदारांना निवेदन द्यायचंय? आधी त्यांनी नेमकं काय करायचं ते ठरवा

तालुक्याच्या बातम्यांच्या पानावर एक फोटो ठरलेला असतो. मध्ये आमदार, त्यांच्या हातात एक कागद, कागदाचं दुसरं टोक गावातल्या कोणाच्या तरी हातात, आणि कागदाकडे कोणीच बघत नाही. सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. खाली ओळ असते, 'विविध मागण्यांचे निवेदन देताना ग्रामस्थ'. त्या निवेदनाचं पुढे काय झालं, ही बातमी क्वचितच छापून येते.

अशा दोन-तीन फोटोंत मीही आहे. पहिल्या वेळी आमचं निवेदन चार पानांचं होतं आणि मागण्या अकरा. पीएंनी पहिलं पान वाचलं, शेवटचं उलटलं आणि शांतपणे विचारलं, "यातलं साहेबांनी नक्की काय करायचंय?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. शासनाने काय करावं हे आम्ही चार पानं लिहिलं होतं. आमदारांनी काय करावं हे एका ओळीतही नव्हतं.

शासनाचा एखादा निर्णय पटला नाही आणि ते आपल्या लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचवायचं असेल, तर माझ्या मते सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या आमदारांना धरून आहे. खासदार, नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्यांच्या बाबतीत जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलंय. उदाहरण एकच घेऊ म्हणजे गुंता होणार नाही. समजा, तुमच्या वाडीतली चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा पट कमी म्हणून बंद होणार आहे आणि मुलांचं साडेतीन किलोमीटरवरच्या शाळेत समायोजन होणार आहे.

निर्णयाचा कागद हातात घ्या

"सरकारने शाळा बंद केली" एवढ्यावर कोणाकडे जाऊ नका. सरकार म्हणजे कोण? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, राज्य शासन आणि केंद्र या चार ठिकाणी चार वेगळे लोक बसलेले असतात आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून पहिलं काम, मूळ कागद मिळवणं.

राज्याचे शासन निर्णय, ज्यांना आपण सर्रास जीआर म्हणतो, ते महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेनुसार सापडतात. डोक्यावर विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखालची 'प्रस्तावना' नीट वाचा, कारण निर्णय का घेतला याचं शासनाचं स्वतःचं कारण तिथेच असतं आणि तुमचं उत्तर त्याच कारणाला द्यायचं असतं. शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहिलेलं दिसेल. ते वाचून काहीजण थेट राज्यपालांना पत्र पाठवतात. ती फक्त सरकारी आदेश काढण्याची घटनेने ठरवलेली पद्धत आहे. खाली सही उपसचिवांची किंवा कार्यासन अधिकाऱ्यांची असते आणि तो विभाग ज्या मंत्र्यांकडे आहे, निर्णय त्यांच्या अखत्यारीतला असतो.

कागद खालच्या पातळीवरचा असेल, म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र किंवा मुख्याधिकाऱ्यांचा आदेश असेल, तर त्यावरचं 'संदर्भ' हे सदर बघा. तिथे वरच्या कुठल्या जीआरचा किंवा परिपत्रकाचा उल्लेख असतो. धोरण राज्याचं आणि अंमलबजावणी जिल्ह्याची, असं बऱ्याचदा निघतं. मग तक्रार धोरणाबद्दल आहे की ते आपल्या गावाला चुकीच्या पद्धतीने लावल्याबद्दल आहे, हे ठरवावं लागतं. दुसऱ्या प्रकारचं काम पुष्कळ सोपं असतं. वाडीच्या शाळेचं प्रकरण शक्य तितकं दुसऱ्या प्रकारात बसवा. अख्ख्या राज्याचं पटसंख्येचं धोरण बदलण्यापेक्षा 'आमच्या वाटेवर ओढा आहे, त्यावर पूल नाही' हे पटवणं सोपं.

विषय कोणाचा, याचा मोटामोटी हिशेब राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. रेल्वे, टपाल, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे, म्हणजे खासदारांकडे जा. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य राज्याकडे, म्हणजे आमदार. शिक्षण १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडेही आहे, पण शाळा प्रत्यक्षात राज्य आणि जिल्हा परिषदच चालवते. पाणीपट्टी, घरपट्टी, कचरा यासाठी नगरसेवक. पालिकेची मुदत संपून प्रशासक बसलेला असेल तर मात्र तिथे निवडून आलेलं कोणी नसतं. अशा वेळी नगरविकास विभागाच्या वाटेने आमदारच गाठावे लागतात.

निर्णय कितपत पक्का आहे?

या टप्प्यावर लोक सर्वांत जास्त वेळ घालवून बसतात. निर्णय तीन अवस्थांत सापडतो आणि प्रत्येकीत वागण्याची रीत वेगळी असते.

तो मसुदा असेल, तर नशीब चांगलं आहे. राजपत्रात किंवा वर्तमानपत्रात 'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत' अशी सूचना येते आणि तिच्यात शेवटची तारीख व पत्ता दिलेला असतो. मुदतीत आलेली लेखी हरकत नोंदवून घ्यावी लागते. मुदतीनंतर दिलेलं निवेदन कितीही मोठ्या माणसाच्या हातून गेलं तरी त्याला ते वजन नसतं. तेव्हा आधी हरकत त्या पत्त्यावर द्या, तिची पोच घ्या आणि मग आमदारांकडे जा. हा क्रम उलटा करू नका. मी उलटा केलेला आहे. आमदार भेटेपर्यंत मुदत निघून गेली.

विधेयक असेल, तर ते सभागृहात मंजूर होण्याआधी, त्यातही समितीकडे असताना बोलण्यात अर्थ आहे. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, तेव्हा समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. विधेयक पुढे जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं, पण समितीतून बाहेर आलेला मजकूर आत गेलेल्या मजकुरासारखा राहिला नव्हता.

आणि जीआर निघून गेला असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. जीआर हा शासनाचा आदेश आहे आणि तो शासनच शुद्धिपत्रक काढून सुधारू शकतं किंवा सरळ रद्द करू शकतं. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा जीआर १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला सुधारला गेला आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करत असल्याचं मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं. ३० जूनपासून विधिमंडळाचं पावसाळी अधिवेशन सुरू होणार होतं आणि ५ जुलैला मोर्चा ठरला होता. बाजू कुठलीही असो, तारखांचा हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. अधिवेशन तोंडावर आलं की सरकारचे कान टवकारलेले असतात.

तुम्हाला वाटतात त्यापेक्षा तुमचे प्रतिनिधी जास्त आहेत

विधानसभेत २८८ आमदार आहेत, त्यांतले एक तुमचे. मतदारसंघ कोणता याची खात्री नसेल तर मतदार यादीत नाव शोधा, तिथे क्रमांकासह लिहिलेलं असतं. तालुका एक आणि विधानसभा मतदारसंघ दुसराच, असं अनेक गावांच्या बाबतीत आहे.

विधान परिषदेचे ७८ सदस्य मात्र लोकांच्या लक्षात राहत नाहीत. त्यांतले ७ पदवीधरांनी आणि ७ शिक्षकांनी निवडून दिलेले असतात, तर २२ स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी. शाळेच्या प्रश्नात शिक्षक मतदारसंघाचे आमदार हा हुकमाचा पत्ता आहे. त्यांचा मतदारसंघ काही जिल्ह्यांचा मिळून बनलेला असतो, त्यामुळे ते गावात कधी दिसत नाहीत, पण शालेय शिक्षण विभागाची खडान्खडा माहिती त्यांच्या कार्यालयात असते. तुम्ही स्वतः शिक्षक नसलात तरी शाळेतल्या गुरुजींकडून किंवा बाईंकडून त्यांचं कार्यालय कळेल.

आता नाजूक प्रश्न. आमदार सत्ताधारी असतील तर ते स्वतःच्या सरकारविरुद्ध बोलतील का? जाहीरपणे बहुधा नाही. पण मंत्र्यांच्या दालनात त्यांना दार उघडं असतं आणि गावपातळीचे बरेच निर्णय तिथेच फिरतात. विरोधी आमदाराला ते दार तितकं उघडं नसतं, पण सभागृहात आवाज चढवायला तो मोकळा असतो. माझा क्रम असा: आधी स्वतःच्या मतदारसंघाचे आमदार, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत. दुसऱ्या मतदारसंघातल्या आमदारांकडे थेट गेलात तर पहिला प्रश्न येतो, "तुमचे आमदार काय म्हणाले?" त्याचं उत्तर तयार असावं.

आमदार स्वतःच मंत्री असतील तर एक अडचण आणि एक सोय. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात, त्यामुळे ते हत्यार गेलं. पण राज्याचं मंत्रिमंडळ घटनेनुसार विधानसभेच्या सभासदसंख्येच्या १५ टक्क्यांत बसवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. त्या ४३ जणांपैकी एकाशी तुमची सरळ ओळख लागते, ही सोय लहान नाही.

आमदार काय करू शकतात आणि काय नाही

पीएंच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. थोडं सविस्तर सांगतो, कारण निवेदनातली मागणी यातूनच निवडायची असते.

आधी जे होणार नाही ते. 'आपण या विधेयकाविरुद्ध मतदान करावे' असं सत्ताधारी आमदारांना लिहिणं म्हणजे कागद वाया घालवणं. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ साली आली तेव्हापासून पक्षादेश झुगारून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर आमदारकी जाऊ शकते. तुमच्या निवेदनासाठी कोणी एवढी किंमत मोजत नाही. पण व्हिप, म्हणजे हा पक्षादेश, मतदानाच्या वेळी लागतो. प्रश्न विचारणं, पत्र देणं, बैठक लावणं यांना तो आडवा येत नाही. मागायचं ते इथलं मागा.

सर्वांत सोपं आणि अनेकदा सर्वांत परिणामकारक म्हणजे मंत्र्यांना लेटरहेडवर पत्र. इथे एक बारीक फरक आहे जो गावाकडे फारसा कोणी समजावून सांगत नाही. तुमच्याच निवेदनाच्या कोपऱ्यात 'तपासून उचित कार्यवाही करावी' असा शेरा मारून खाली सही करणं वेगळं आणि स्वतःच्या लेटरहेडवर स्वतंत्र पत्र देणं वेगळं. असे शेरे दिवसाला शेकड्याने निघतात आणि 'उचित' म्हणजे काय ते टेबलावरचा माणूस ठरवतो. स्वतंत्र पत्राला जावक क्रमांक असतो, त्यात आमदारांची स्वतःची शिफारस असते आणि मंत्री कार्यालयात त्याची नोंद होते. नम्रपणे, पण स्पष्टपणे स्वतंत्र पत्रच मागा. मसुदा तुम्हीच टाइप करून पेन ड्राइव्हवर किंवा पीएंच्या व्हॉट्सअॅपवर दिलात तर काम त्याच दिवशी होण्याची शक्यता वाढते. यात कमीपणा काही नाही.

दुसरं, अधिकाऱ्यांसोबत बैठक. शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक एका टेबलाशी आले की कागदावरचं साडेतीन किलोमीटर प्रत्यक्षात किती आहे ते कळतं. अशा बैठकीचं इतिवृत्त लेखी मागा. इतिवृत्त नसेल तर पंधरा दिवसांनी बैठकीत काय ठरलं हे प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो.

तिसरं, सभागृह. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. लक्षवेधी सूचना तातडीच्या आणि लोकहिताच्या बाबीसाठी असते. तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि मग सदस्य त्यांना खोदून विचारू शकतात, म्हणून आमदारांमध्ये तिला मागणी फार. औचित्याचा मुद्दा दोन मिनिटांत मांडून होतो, पण मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं नसतं. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. लोकसभेत खासदारांना ती किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर 'प्रश्न विचारा' म्हणून धावत गेलात तर प्रश्नाची वेळ निघून गेलेली असते, लक्षवेधीची कदाचित नसते. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आणि पावसाळी जून-जुलैच्या सुमारास मुंबईत, हिवाळी बहुधा डिसेंबरात नागपूरला. यांच्या महिना-दीड महिना आधीचा काळ तुमचा.

प्रश्नातली मजा अशी की मंत्र्यांचं उत्तर तयार करण्यासाठी विभाग खालून माहिती मागवतो. मंत्रालयातून शिक्षणाधिकाऱ्यांना आणि तिथून केंद्रप्रमुखांना फोन येतो, 'त्या वाडीची शाळा, अंतर, पट, लगेच कळवा.' उत्तर सभागृहात वाचलं जावो न जावो, तुमच्या शाळेची फाईल एकदा वरपर्यंत उघडली जाते. आणि मंत्र्यांनी सभागृहात आश्वासन दिलं, तर ते पाळलं की नाही हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते.

याशिवाय लोकांचे अर्ज बघणारी विनंती अर्ज समिती आहे, मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडायचे अशासकीय ठराव आहेत. नावं माहीत असू द्या, पण पहिल्या फेरीत त्यांच्या मागे लागू नका.

निवेदन

एक पान, एक विषय, जास्तीत जास्त दोन मागण्या. रस्ता, पाणी आणि अंगणवाडीच्या मागण्या 'आलोच आहोत तर' म्हणून जोडू नका. प्रत्येक मागणी वेगळ्या विभागाची असते आणि कागद कोणत्या फाईलला लावायचा हेच ठरत नाही.

भाषा मराठीच ठेवा. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तिथे वापरात असलेल्या भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. दिल्लीला जाणाऱ्या कागदाला हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडली तर वाचणाऱ्याची सोय होते, एवढंच.

आमच्या उदाहरणासाठी नमुना असा:

प्रति,
मा. आमदार महोदय,
… विधानसभा मतदारसंघ

विषय : मौजे … येथील जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचे (इयत्ता १ली ते ४थी) समायोजन स्थगित ठेवण्याबाबत.
संदर्भ : शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद … यांचे पत्र क्र. …, दि. …

महोदय,
आम्ही मौजे … येथील पालक व आपल्या मतदारसंघातील मतदार आहोत. संदर्भातील पत्रानुसार आमच्या वाडीतील शाळा येत्या जूनपासून बंद करून ११ विद्यार्थ्यांचे समायोजन … येथील शाळेत होणार आहे. ती शाळा वाडीपासून रस्त्याने ३.५ कि.मी. आहे. वाटेत ओढा असून त्यावर पूल नाही. गेल्या पावसाळ्यात ही वाट … दिवस बंद होती (ग्रामपंचायतीचा दाखला सोबत). ११ पैकी ७ मुले आठ वर्षांपेक्षा लहान आहेत.

पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा १ कि.मी.च्या आत असावी, असे राज्याच्या शिक्षण हक्क नियमांत आहे. आमच्या शाळेचा पट कमी आहे याची आम्हाला जाणीव आहे. तथापि, मुलांची ने-आण कशी होणार याचा पत्रात कोठेही उल्लेख नाही.

आपणास विनंती की,
१. ओढ्यावर पूल होईपर्यंत हे समायोजन स्थगित ठेवावे, अशी शिफारस मा. शालेय शिक्षण मंत्री यांना आपल्या पत्राद्वारे करावी.
२. शिक्षणाधिकारी व पालक यांची बैठक आपल्या उपस्थितीत मे अखेरीपूर्वी घ्यावी.

आपल्या पत्राची प्रत आम्हास मिळावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
(नाव, सही, मोबाईल क्रमांक)

सोबत : संदर्भातील पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, ग्रामसभेचा ठराव, रस्त्याचे दोन फोटो.

या नमुन्यात 'पट कमी आहे याची जाणीव आहे' हे वाक्य मुद्दाम घातलंय. ज्या नियमात १ किलोमीटरची गोष्ट आहे, त्याच नियमात किमान २० मुलांची अटही आहे. तुम्ही ती लपवलीत तर अधिकारी बैठकीत तीच पहिल्यांदा काढतील आणि आमदारांसमोर तुम्ही अर्धवट माहितीचे ठराल. आपल्या बाजूचं लंगडं पाऊल आपणच आधी दाखवावं. मग भर ने-आणीवर द्यावा. लहान वस्त्यांच्या मुलांसाठी वाहतुकीची सोय करणं ही शासनाची जबाबदारी आहे, आणि तिथे त्यांच्याकडे उत्तर नसतं.

दुसरं, 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल' हे वाक्य पहिल्या निवेदनात नाही. ते इतक्या निवेदनांत असतं की आता कोणी घाबरत नाही आणि जे मदत करणार होते ते उगाच दुखावतात. त्याची वेळ आलीच तर वेगळ्या कागदावर, तारीख घालून या.

ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर त्यासारखं काही नाही. सह्यांची यादी देणार असाल तर प्रत्येक सहीपुढे पूर्ण नाव आणि गाव लिहा. एकाच हाताने केलेल्या चाळीस सह्या पीएंना लगेच ओळखू येतात.

भेट

आमदार शनिवार-रविवारी मतदारसंघात भेटण्याची शक्यता जास्त, पण लग्नसराईत आणि सणासुदीला तेही धरू नका. जनसंपर्क कार्यालयात फोन करून पीएंची वेळ घ्या. पीएंना दुय्यम समजणं ही आपल्याकडची जुनी चूक. कागद आत जातो तो त्यांच्या हातून, आठवण करून देतात तेच आणि मंत्रालयातल्या कोणत्या टेबलाशी बोलायचं हेही त्यांनाच माहीत असतं. पाच मिनिटं त्यांना नीट समजावून सांगा.

तीन ते पाच जण जा. वीस जण गेलात तर ती भेट राहत नाही, सभा होते आणि मग आमदारही सभेत बोलावं तसं बोलतात. त्या पाचांत ज्या बाईंचं मूल त्या शाळेत आहे त्या हव्यात, शाळा व्यवस्थापन समितीचं कोणीतरी हवं. गावातल्या पक्षाच्या कार्यकर्त्याला नेलंत तर दार लवकर उघडतं. पण बोलायचं कोणी हे आधीच ठरवा, नाहीतर सगळी भेट त्याचीच होते.

बोलणारा एकच. दोन मिनिटांत तीन गोष्टी: काय होणार आहे, आमच्या मुलांना त्याने काय होईल, आपण काय करावं. नंतर थांबा. समोरून "बघतो", "बोलतो मी" असं आलं तर लगेच खूश होऊ नका. "साहेब, पत्र आजच मिळेल का? मसुदा आणलाय" असं विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा. अडचण कधी खरी असते, पक्षाची किंवा विभागाची. ती कळली तर पुढची मागणी बदलता येते. मूळ निर्णयावर वाद घालायचा मोह होतो, विशेषतः पक्ष आपला नसेल तर. तो आवरा. आज तुम्ही पत्र न्यायला आला आहात.

निघताना स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. फोटो काढायचाच असेल तर पोच घेतल्यावर काढा.

भेट शक्यच नसेल तर निवेदन स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. आमदारांचा संपर्क विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतो. शंभर जणांनी एकच मजकूर व्हॉट्सअॅपवर ढकलण्यापेक्षा दहा पालकांनी आपापल्या शब्दांत चार ओळी लिहिलेल्या बऱ्या. समाजमाध्यमावर जाहीर बोलणं मी शेवटी ठेवतो, कारण एकदा जाहीर टीका झाली की आमदार ती आधी निस्तरतात, तुमचं काम नंतर बघतात.

पाठपुरावा

एक साधी वही करा. तारीख, कोणाशी बोललो, काय म्हणाले. पंधरा दिवसांनी पीएंना फोन: पत्र गेलं का, जावक क्रमांक काय? क्रमांक मिळाला की विभागात विचारता येतं. महिन्याभरात काही हललं नाही तर एका परिच्छेदाचं स्मरणपत्र द्या, वर पहिल्या निवेदनाचा आवक क्रमांक घालून.

त्यानंतर माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून, ज्या विभागाला आमदारांचं पत्र गेलं त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा. विचारायचं एवढंच: अमुक क्रमांकाच्या पत्रावर झालेली कार्यवाही, टिपणीसह प्रत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी आणि बाधित लोकांना कारणं द्यावीत, असंही आहे. निर्णयाची कारणंच कोणी सांगत नसेल तर अर्जात या कलमाचा हवाला द्या.

फाईल एकाच टेबलावर अडकल्याचं कळलं तर दप्तर दिरंगाईचा कायदा आठवा. त्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तो कायदा दाखवून कोणाला शिक्षा होईल असं नाही, पण स्मरणपत्रात त्याचं नाव आलं की फाईल पुढच्या टेबलावर जाते, असा अनुभव आहे.

आणि वाटेत निवडणुकीची आचारसंहिता लागली तर निर्णय बदलणारा नवा आदेश निघणं अवघड होतं. त्या काळात उमेदवार सगळं कबूल करतात. ते लिहून घ्या, पण वहीत कामाच्या पानावर नको, वेगळ्या पानावर.

आमदारांनी पत्र दिलं, मंत्र्यांनी स्थगिती दिली, शाळा या जूनमध्ये उघडली, तर त्याच आठवड्यात आमदारांच्या कार्यालयात एक आभाराचं पत्र पाठवा, पीएंच्या नावासह. आणि त्याच पत्रात ओढ्यावरच्या पुलाचा प्रस्ताव कुठवर आलाय ते विचारा, कारण स्थगिती पूल होईपर्यंतचीच आहे.